रिकामं मडकं

ईस्टरला पंधरा दिवस उरले होते. रात्री माऊने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "पप्पा, ईस्टर म्हणजे काय?" माऊ साडेतीन वर्षांची आहे, तिच्या शेजारी झोपलेला धाकटा दोन वर्षांचा. मी म्हणालो, "येशूचं पुनरुत्थान." तिने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, "पुन... थान", आणि सोडून दिला. नाताळच्या वेळी असा प्रश्नच आला नव्हता. बाळ, गोठा, गाय, तारा, सगळं तिच्या ओळखीचं होतं. इथे मात्र एकाला मारून टाकलं, पुरलं आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली, असं सांगायचं होतं. मी नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेला, रविवारच्या शाळेत बक्षिसं घेतलेला. तरी त्या रात्री पुनरुत्थानासाठी तिला कळेल असा एक शब्द मला सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी नगरला आईला फोन लावला. "आई, मला तू ईस्टर कसा समजावून सांगितला होतास?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगितलाच नव्हता रे. पहाटे चारला उठवायचे तुला. शाल गुंडाळून प्रभातफेरीत न्यायचे. सगळे गात असायचे आणि तू आबांच्या खांद्यावर पेंगत असायचास." तिने हे सांगितलं आणि मला तो काळोखा रस्ता, पेट्रोमॅक्सचा उजेड, झांजांचा आवाज, माझ्या वडिलांच्या, आबांच्या, मानेचा गरम स्पर्श, सगळं आठवलं. समजावणं मात्र काही आठवलं नाही. माझ्याकडे सण आला तो अर्थाच्या आधी आला होता, आणि मी पोरांना आधी अर्थ द्यायला निघालो होतो.

तरी मी अभ्यासाला बसलो. बायबल उघडलं आणि मत्तय, मार्क, लूक, योहान या चारही शुभवर्तमानांतले शेवटचे अध्याय ओळीने वाचले. मला मुलांना तो एक क्षण सांगायचा होता, येशू कबरेत डोळे उघडतो तो. तो शोधायला गेलो तर तो कुठेच सापडेना. कुठे एक बाई आहे, कुठे दोन, कुठे तीन. त्या पहाटे कबरेकडे निघतात. मार्कच्या शुभवर्तमानात त्यांना वाटेत काळजी पडते की दारावरची धोंड आपल्यासाठी कोण बाजूला करणार. पोचून पाहतात तर धोंड सरकलेली. येशू उठतो आहे हे पाहणारं कोणीच नाही, आणि चौघांपैकी एकानेही ते पाहिल्यासारखं लिहिलेलं नाही. त्यांनी लिहिली आहे ती नंतरची सकाळ. इतकी वर्षं ईस्टर पाळून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग ठरवलं की सकाळच दाखवायची. एक परात घ्यायची, तिच्यात माती, मातीत गहू, मध्ये लहान मडकं आडवं ठेवून त्याची कबर करायची आणि तोंडाशी दगड. रविवारपर्यंत गहू उगवला की बाग तयार. योहानाच्या शुभवर्तमानानुसार कबर बागेतच होती, आणि गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो ही उपमा येशूनेच स्वतःच्या मरणाविषयी दिली होती. कल्पना मला फार आवडली. पण गहू कसा पेरतात हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंकडे गेलो. त्या दर नवरात्रात घटाखाली धान पेरतात. "रात्रभर भिजत घाल, माती चाळून घे, दाण्यांवर पातळ थर दे. आणि पाणी शिंपडायचं बरं का, ओतायचं नाही," त्यांनी बजावलं. 29 मार्चला, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, चर्चमधून आलो आणि हातातली झावळी बाजूला ठेवून आम्ही तिघांनी गहू पेरला. पाणी मी ओतलंच. अर्धे दाणे वाहून परातीच्या काठाशी जमले. माऊने ते एकेक वेचून परत मातीत दाबले.

मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तर माऊ परातीत बोट घालून माती उकरत होती. "अगं, काढू नकोस, मरेल तो," मी ओरडलो. तिने तळहातावर एक दाणा धरून दाखवला. फुगलेला, साल फाटलेली, आणि खालून पांढरा, केसाएवढा धागा निघालेला. "पप्पा, गव्हाला पाय आला." आधी मूळ फुटतं आणि कोंब मागून वर येतो, हे मी शाळेत शिकलो होतो, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वरून पाहणाऱ्याला माती तशीच दिसत होती. आत काम कधीच सुरू झालं होतं. ते तिला समजावण्याची गरज उरली नाही. दाणा हातात धरून तिनेच ते मला दाखवलं.

त्याच रात्री माझी मोठी चूक झाली. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून एक पद्धत ऐकली होती. प्लॅस्टिकची बारा अंडी घ्यायची, एकेकात गोष्टीतली एकेक वस्तू ठेवायची, शेवटचं अंडं रिकामं. रिकामी कबर म्हणून. मी सहा डब्या घेतल्या. एकीत नाणं, कारण यहूदाने चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला धरून दिलं. मग भाकरीचा तुकडा, बाभळीचा काटा, खिळा, पांढरं फडकं, आणि शेवटची डबी रिकामी. धाकट्याने पहिलीच डबी उघडली आणि नाणं तोंडात घातलं. बायकोने झडप घालून गालातून बोटाने ते बाहेर काढलं. ती नर्स आहे. ती मला काही बोलली नाही, फक्त काटा आणि खिळा उचलून वरच्या फळीवर ठेवला. तीन वर्षांखालच्या मुलासमोर गिळता येईल अशी वस्तू ठेवायची नसते, हे मला तिने सांगायला हवं होतं असं नाही.

शेवटची डबी माऊच्या वाट्याला आली, ती रिकामी. मी उत्सुकतेने तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने आत पाहिलं, डबी उलटी करून हलवली, पुन्हा आत पाहिलं आणि तिचा ओठ थरथरला. "माझं कुणी घेतलं?" आणि ती रडायला लागली. मी सांगत राहिलो, "अगं, रिकामं आहे म्हणून तर आनंद! येशू तिथे नाही!" ती जास्तच रडली. सगळ्या गोष्टीतली सर्वांत आनंदाची खूण मी तिच्या हातात दिली होती, आणि तिला आपलं काहीतरी गेलं एवढंच कळलं. त्या रात्री तिला कुशीत घेऊन झोपवलं, पण हे सरळ कसं करायचं ते मला कळेना.

बुधवारी दुसरी चूक. शुक्रवारची, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवसाची, तयारी म्हणून मी हलक्या शब्दांत सांगितलं, "येशू खूप दमला आणि झोपला. मग तीन दिवसांनी उठला." मला वाटलं, मरण हा शब्द टाळला हे बरं झालं. त्या रात्री माऊ झोपायला तयार होईना. दहा वाजले, अकरा वाजले. शेवटी म्हणाली, "मी झोपले तर तीन दिवस उठणार नाही का?" बायको ड्युटीवर जायची होती. तिने बॅग खाली ठेवली, माऊला मांडीवर घेतलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "झोपणं वेगळं, मरणं वेगळं. झोपलं की श्वास चालू असतो, बघ, हात ठेव. मेलं की श्वास थांबतो, दुखतही नाही. येशू मेला होता." माऊने स्वतःच्या पोटावर हात ठेवला, श्वास वर-खाली होताना पाहिला आणि पाच मिनिटांत झोपली. मी बायबल घेऊन बसलो. लाजर झोपला आहे असं येशू म्हणाला तेव्हा शिष्यांनाही ती साधी झोप वाटली होती, झोपलाय तर बराच होईल असं त्यांना वाटलं. शेवटी येशूला सरळ सांगावं लागलं की लाजर मेला आहे. मोठ्या माणसांचाही जिथे गोंधळ झाला, तो शब्द मी साडेतीन वर्षांच्या पोरीला दिला होता.

गुरुवारी, 2 एप्रिलला, सकाळी काकू हनुमान जयंतीचा सुंठवडा देऊन गेल्या. रात्री गॅलरीतून पौर्णिमेचा चंद्र दिसत होता. ईस्टरची तारीख दरवर्षी का हलते हे त्या चंद्राकडे बघताना मला नीट समजलं. 21 मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यामागून येणारा रविवार. म्हणून ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो, त्या वर्षी तो 5 एप्रिलला होता. यहुद्यांचा वल्हांडण सण चांद्र महिन्याच्या मध्यावर येतो. म्हणजे शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण झालं आणि येशू बागेत प्रार्थनेला गेला, तेव्हाही आकाशात असाच भरलेला चंद्र होता. मुलांना मी एवढंच म्हणालो, "येशूने पण असाच चंद्र पाहिला होता." धाकट्याने चंद्राकडे हात करून "येशू" म्हटलं. ते दुरुस्त करावं की नाही, मला ठरवता आलं नाही.

मग त्या जेवणावरून उठून येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, ते करून पाहायचं ठरवलं. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, दोघांचे पाय धुतले, पंच्याने बोटांच्या फटी पुसल्या. आजवर पाय धुणं म्हणजे घाईने नळाखाली धरणं. तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की धाकट्याच्या टाचेवर एक बारकी भेग आहे. माऊ उठली आणि म्हणाली, "आता तुझे." दिवसभर बुटात राहिलेले माझे पाय, मी चटकन मागे घेतले. "नको गं, माझे घाण आहेत." ती घमेलं ओढत माझ्याकडे आली. पेत्रानेही पाय पुढे करायला नकार दिला होता, ते वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. त्याला नको का वाटलं असेल ते मला त्या घमेल्यापाशी कळलं. मी पाय पुढे केले.

शुक्रवारी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपासना असते. लहान मुलांना ती झेपत नाही, म्हणून मी त्यांच्याबरोबर घरी थांबलो. वधस्तंभाचं किती सांगावं हा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. शेवटी तीनच वाक्यं सांगितली. येशू सगळ्यांशी चांगला वागत होता. काही माणसांना तो नको होता, म्हणून त्यांनी त्याला लाकडी खांबावर मारलं. त्याला खूप लागलं आणि तो मेला. माऊने विचारलं, "मम्मीसारखं कुणी पट्टी लावली नाही?" मी म्हणालो, "लावणार होत्या बायका. पण संध्याकाळ झाली, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सुरू झाला, म्हणून थांबल्या. रविवारी पहाटे सुगंधी मसाले घेऊन निघाल्या." त्या बायकांना मी आजवर गोष्टीतल्या साक्षीदार समजत होतो. त्या राहिलेली शुश्रूषा पुरी करायला निघाल्या होत्या, हे मला नर्सच्या मुलीच्या प्रश्नाने शिकवलं.

संध्याकाळी टेबलावरची मेणबत्ती पेटवली. चर्चमधली ईस्टरची मोठी मेणबत्ती येशूची खूण असते, तशी ही आमची घरातली. तिघांनी मिळून ती विझवली. माऊने ती पांढऱ्या हातरुमालात गुंडाळली, मडक्यात ठेवली आणि दोन्ही हातांनी दगड तोंडाशी लावला. आत काय आहे ते या वेळी तिला माहीत होतं. तिनेच ते ठेवलं होतं. डब्यांच्या खेळात माझं काय चुकलं होतं ते मला तेव्हा उमगलं. ज्या डबीत तिचं काही नव्हतंच, ती रिकामी निघाली याचा आनंद तिला कुठून होणार?

शनिवारसाठी मी काहीच योजलं नव्हतं. तो दिवस माझ्या हिशेबातच नव्हता. माऊ सकाळपासून दगडापाशी फेऱ्या मारत होती. "तिसरा दिवस आला?" मी बोटांवर मोजून दाखवलं, शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. ती अर्ध्या तासाने पुन्हा यायची. दुपारी आई नगरहून एसटीने आली. माऊने तिला मडकं दाखवलं, मग भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे बोट करून विचारलं, "आजी, आबा पण मेले ना? मग ते कधी उठणार?" मी घाईघाईने उत्तर जुळवायला लागलो. पुनरागमन, शेवटचा दिवस, सार्वकालिक जीवन, सगळे मोठे शब्द एकदम आले आणि एकही तोंडातून बाहेर पडेना. आईने माऊला जवळ ओढलं. "येशू बोलावेल तेव्हा उठतील. आपण वाट बघायची. मी पण बघतेय." माऊ आजीशेजारी मडक्यासमोर बसली. शनिवारी काय करायचं असतं ते मला कळलं.

त्या रात्री योहानाचा विसावा अध्याय पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. मग्दालीया मरीया कबर रिकामी पाहते, आणि रडते. तिला वाटतं, माझ्या प्रभूला कुणीतरी उचलून नेलं. म्हणजे रिकामी कबर पाहणारं पहिलं माणूस आनंदाने नाचलं नाही. ते माऊसारखंच रडलं, आणि जवळजवळ तेच बोललं. समोर उभा असलेला येशूही तिला ओळखू आला नाही, तिला तो माळी वाटला. मग तो तिचं नाव घेतो, फक्त नाव, आणि ती वळते. मी मंगळवारी माऊला रिकाम्या डबीचा अर्थ समजावत बसलो होतो. येशूने मरीयेला अर्थ समजावला नव्हता, तिला हाक मारली होती.

रविवारी पहाटे साडेचारला माऊला उठवलं, शालीत गुंडाळलं आणि चर्चच्या पहाटेच्या उपासनेला नेलं. धाकटा आजीपाशी झोपलेला होता. उपासनेत ती अर्धा वेळ माझ्या खांद्यावर पेंगत होती, मी तिला उठवलं नाही. सगळे एकमेकांना "प्रभू उठला आहे" म्हणून हात मिळवत होते, तेव्हा तिनेही झोपेतला हात पुढे केला. घरी आलो तर ती चपला न काढता परातीकडे धावली. गहू चार बोटं वर आला होता. दगड बाजूला सरकलेला. मडक्यात फक्त रुमाल, नीट चौकोनी घडी घातलेला. येशूच्या डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता असं योहान लिहितो, म्हणून मी आईला तशी घडी घालायला सांगितलं होतं. माऊने मडक्यात हात घातला, तळापर्यंत फिरवला. तिचा ओठ थरथरायला लागला. मी पाठ केलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, आणि स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, "माऊ!"

ते आम्ही ठरवलेलं नव्हतं. आईने मेणबत्ती काढून पेटवायची, एवढंच बोलणं झालं होतं. दूध पिऊन घे म्हणून तिने रोजच्यासारखी हाक मारली होती. माऊ वळली. दारात आजी उभी होती, एका हातात दुधाचा पेला आणि दुसऱ्या हातात पेटलेली मेणबत्ती. माऊने मेणबत्तीकडे पाहिलं, मग मागे मडक्याकडे पाहिलं. पुन्हा मेणबत्तीकडे. "इथे नाही म्हणून तिथे आहे!" ती म्हणाली, आणि धावत जाऊन तिने आजीच्या पायांना मिठी मारली. माझं वाक्य बोलायचं राहिलं, आणि ते पुढेही कधी बोलावं लागलं नाही.

मला वाटलं, झालं. पण सोमवारी संध्याकाळी माऊने मडकं पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवलं. मंगळवारीही. ईस्टरचा काळ पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत चालतो, मंडळी पन्नास दिवस तोच आनंद करत राहते, हे मला ठाऊक होतं. त्याचं कारण लहान मुलांना अधिक चांगलं समजत असावं. बुधवारी तिने खेळ बदलला. मेणबत्ती घेऊन पडद्यामागे जाऊन उभी राहिली आणि तिथूनच मला सांगितलं, "पप्पा, तू मडक्याकडे बघ. रिकामं आहे. आता तू रड."

मी मडक्यासमोर बसलो, डोळ्यांवर हात धरले आणि रडण्याचा आवाज काढला.

"पप्पा!" मागून हाक आली.

मी वळलो.